घरी सांगू नकोस!

दिवाळी अंकात हसतेखेळते लिहावे, फार तर सासूसुनांची किंवा जावईबापूंची थोडी चेष्टा करावी, असा संपादकमहाशयांचा दरवर्षी लकडा असतो आणि मी तो बहुधा निमूटपणे पाळतो. यंदा मात्र त्यांची आगाऊ परवानगी काढली आहे. वर्षभरात या सदराच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून विचारलेला दिसला: "मुलांच्या हाती फोन कोणत्या वर्षी द्यावा?" कोणी बाराव्या वर्षी म्हणतात, कोणी सोळाव्या. एका आजोबांनी तर "लग्न ठरल्यावर, तोही सासऱ्यांनी दिला तर" असा तोडगा सुचवला आहे.

प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते त्याचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला प्रश्न निराळाच आहे आणि तो मुलांना नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. फोनवर उद्या काही भलते घडले, तर आपला मुलगा किंवा मुलगी ते आपल्याला येऊन सांगेल काय? या प्रश्नाचे उत्तर छातीवर हात ठेवून "हो" असे देता येत असेल, तर बारा की सोळा हा वाद बराचसा सौम्य होतो. उत्तर "कोण जाणे" असे असेल, तर मूल अठरा वर्षांचे होईतो थांबूनही फारसे काही साधत नाही.

आमच्या पिढीच्या लहानपणी वाईट गोष्टी घराबाहेर राहत असत. अमक्या गल्लीत जायचे नाही, तमक्या पोराच्या नादी लागायचे नाही आणि दिवेलागणीला घरात पाहिजे, या तीन आज्ञांत संरक्षणाचा सगळा बंदोबस्त होऊन जाई. मूल हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायला बसले की आई निर्धास्त. हल्लीची आईही मूल खोलीत बसलेले पाहून तशीच निर्धास्त होते. आणि नेमक्या त्याच वेळी ते जगाच्या चव्हाट्यावर जाऊन बसलेले असते. उंबरठा ओलांडल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

बरे, हा फोन मुलांनी हट्ट करून आणला असेही सगळीकडे म्हणता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या वस्तूला हात लावू नकोस म्हणून आपण ओरडत होतो, तीच मुलांच्या हातात ठेवून "वर्गात लक्ष दे" असे सांगू लागलो. पाटी, पुस्तक आणि मास्तर असे तिन्ही एकाच यंत्रातून आले. पुढे शाळा भरल्या. पण यंत्र काही परत गेले नाही. गृहपाठ, सहलीच्या सूचना, शिकवणीची वेळ, सारे अजून त्यातूनच येते. तेव्हा "आमच्या वेळी कुठे होते फोन?" हे वाक्य कितीही गोड वाटले तरी ते आता कामाचे राहिलेले नाही.

मग भीती कशाची बाळगावी? येथेही आपली थोडी गफलत होते. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या एका खेळाने देशभर घबराट उडवली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. तो खेळ मुलांकडून पन्नास दिवस एकेक भयंकर काम करून घेतो आणि अखेरीस जीव घ्यायला लावतो, असे सांगत. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूशीही त्याचे नाव जोडले गेले. सरकारने त्या खेळाचे दुवे काढून टाकण्याचे आदेश काढले, शाळांनी परिपत्रके काढली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले, की चौकशी केलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा हात असल्याचे सिद्ध झाले नाही. मुले गेली हे दुःख खरेच होते. पण त्यांच्या मनात काय चालले होते याचा शोध घेण्याऐवजी आपण सारे एका समुद्रातल्या राक्षसाच्या मागे धावलो. खरा धोका राक्षसाच्या रूपाने येत नाही. तो मित्राच्या रूपाने येतो, गोड बोलतो आणि पहिले काही आठवडे मुलाला त्याच्या आईबापांपेक्षाही समजूतदार वाटतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. ज्या घटनेमुळे हा लेख लिहायचे ठरवले, ती मला बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम या गावी कळली. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव प्रसिद्ध आहे. दरवर्षी पौष महिन्यात, विवेकानंदांच्या जन्मतिथीला, तेथे मोठा जन्मोत्सव होतो. त्यातला महाप्रसाद ज्याने पाहिला नाही त्याला सांगून खरे वाटणार नाही. मोकळ्या रानात नजर पोहोचेल तिथवर माणसांच्या रांगा जमिनीवर बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी भरलेले ट्रॅक्टर त्या रांगांमधून फिरतात. लाखांवर माणूस तेथे जेवून उठते. माझे एक जुने स्नेही त्या गावी असतात. या वर्षी त्यांच्या आग्रहावरून मी उत्सवाला गेलो होतो.

निघण्यापूर्वी वहिनींनी घरातल्या लहान मुलांना ओळीने उभे केले. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली, आणि बजावले: "हारपलात तं रडत फिरू नका. त्या मोठ्या फाटकापाशी जाऊन उभे राहा, आम्ही येतो. कोणी रागावणार नाही." एवढे सांगून झाल्यावर पोरे मजेत गर्दीत घुसली. लाखाची गर्दी आहे म्हणून मुलांना घरी डांबून ठेवावे, असे त्या घरात कोणाच्या मनातही आले नाही.

त्या मुलांत वहिनींच्या बहिणीचा मुलगा होता. चौदा वर्षांचा, नववीतला, एका मोठ्या शहरात वाढलेला. (त्याच्या आईवडिलांच्या संमतीने हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पोरगा जेवणात लक्ष नसल्यासारखा बसे. फोन थरथरला की दचके. विचारले तर "काही नाही" एवढेच उत्तर. रात्री वहिनी तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसल्या आणि त्यांनी त्यालाही पुढ्यात एक सूप दिले. फोनविषयी चकार शब्द काढला नाही. अर्धा तास दोघे शेंगाच सोलत होते. मग एवढेच म्हणाल्या, "काहून रे बाबू, असा गप्प गप्प?" आणि त्या पोराच्या डोळ्यांतून घळघळ पाणी येऊ लागले.

हकिगत अशी. फोनवरच्या एका खेळात अनोळखी खेळाडूंशी बोलता येते. तेथे त्याच्याच वयाची म्हणवणारी एक मुलगी भेटली. महिनाभर दोघे एका गटात खेळले. ती त्याला जिंकायला मदत करी, शाळेतले काही सांगितले की ऐकून घेई, गणिताच्या सरांची थट्टाही करी. पुढे खेळातून गप्पा इन्स्टाग्रामवर गेल्या. तिने स्वतःचे म्हणून एक छायाचित्र धाडले आणि त्याचेही तसेच मागितले. जे धाडू नये ते त्याने धाडले. दोन मिनिटांत मुलगी नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक निर्ढावलेला पुरुष बोलू लागला. त्याने मुलाच्या वर्गमित्रांची, मावशी-मामांची नावे भराभर लिहून दाखवली आणि पाच हजार रुपये मागितले. शेवटी एक वाक्य होते: "घरी सांगू नकोस."

मुलाने आईच्या फोनवरून दोन खेपांत दीड हजार रुपये पाठवले. पिन त्याला ठाऊक होता. मागणी थांबली नाही, उलट वाढली. तीन आठवडे हे चालले होते, आणि त्याच घरात रोज संध्याकाळी आई, बाप आणि मुलगा एका ताटाभोवती नसले तरी एका टेबलाभोवती जेवत होते.

वहिनी पुढचे सांगताना म्हणाल्या, "म्या पयले काय म्हटलं माहीत हाय काय भाऊजी? बरं केलं मले सांगितलं, असं म्हटलं. अन् म्हटलं, चोर तू नाही बाबू, चोर तो हाय." मग त्यांनी त्याला विचारले, की आईला का सांगितले नाहीस? त्याचे उत्तर आपण सर्वांनी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. तो म्हणाला, "आई म्हणाली होती, फोनमध्ये भलतेसलते काही सापडले तर फोन फोडून टाकीन आणि बाबांना सांगीन."

वाचकहो, यात त्या माउलीचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? आपल्यापैकी निम्म्या घरांत हेच वाक्य बोलले जाते, आणि ते मुलांच्या भल्यासाठीच बोलले जाते. पण जरा हिशेब मांडून पाहा. बाहेरचा लुच्चा सांगत होता, "घरी सांगू नकोस," आणि घरातली आई सांगत होती, "घरी सांगितलेस तर शिक्षा होईल." दोघांच्या बोलण्याचा अर्थ मुलाने एकच लावला. अशा माणसाकडे ना सुरा असतो, ना पिस्तूल. तो बहुधा शेकडो मैल दूर असतो. मुलाला घरची वाटणारी भीती हेच त्याचे सारे भांडवल, आणि ते आपणच त्याला बिनव्याजी पुरवतो.

वहिनी फार शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी जे म्हटले ते मला कोणत्याही तज्ज्ञाच्या भाषणात ऐकायला मिळालेले नाही. त्या म्हणाल्या, "जत्रेत हारपलेलं पोरगं सापडलं तं आपण त्याले छातीशी धरतो. फोनात हारपलेल्याले काहून मारतो?"

आता पुढे काय झाले ते सांगतो, कारण अशा वेळी काय करावे हे पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. त्याच रात्री वहिनींनी बहिणीला आणि मेव्हण्यांना फोन लावला; पण आधी त्यांच्याकडून वचन घेतले, की पोरावर कोणी आवाज चढवणार नाही. पैसे पाठवणे बंद केले. धमकीला उत्तर देणेही बंद केले. त्या माणसाचे खाते, त्याचा नंबर, पैसे गेले ते यूपीआय खाते आणि सगळे संभाषण यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि मगच त्याला ब्लॉक केले. हा क्रम महत्त्वाचा आहे. मूल घाबरून सगळे पुसून टाकते, बाप संतापून फोन आपटतो. दोन्ही प्रकारांत पुरावा जातो आणि गुन्हेगार राहतो. मात्र पुरावा म्हणून मुलाच्या त्या छायाचित्राच्या प्रती काढणे किंवा ते नातेवाइकांना पाठवणे हे चुकूनही करू नये.

तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. २०१९ पासून ते सर्व प्रकारच्या सायबर गुन्ह्यांसाठी खुले आहे. स्त्रिया आणि मुले यांच्यासंबंधीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तेथे नाव न देताही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन करावा तितके बरे. मुलाला आधाराची गरज असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. तो मूल स्वतःही फिरवू शकते. 'टेक इट डाऊन' नावाची एक विनामूल्य सोयही आहे. अमेरिकेतली एक संस्था ती २०२३ पासून चालवते. अठरा वर्षांखालील मुलाच्या अशा छायाचित्राचा अंकांत लिहिलेला ठसा आपल्याच फोनवर तयार होतो. छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही, ठसा तेवढा जातो. या योजनेत सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडचे ते छायाचित्र हुडकून काढून टाकू शकतात.

पुष्कळ पालक पोलिसांत जायला कचरतात. मुलाचे नाव होईल, चौकीवर बसवून ठेवतील, शेजारी काय म्हणतील? ही भीती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. मुलाची ओळख उघड करण्यास वृत्तपत्रांना मनाई आहे. हे हक्क आपल्याला माहीत असले म्हणजे चौकीची पायरी चढताना पाय कापत नाहीत.

त्या मुलाच्या बाबतीत धमकी देणाऱ्याने एका वर्गमित्राला ते छायाचित्र पाठवलेच. पण तोपर्यंत मुलाच्या वडिलांनी वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतले होते आणि त्या मित्राने ते पुढे न धाडता पुसून टाकले. तो माणूस कोण होता हे अजून कळलेले नाही. खाते मात्र बंद झाले. मुलगा पुन्हा क्रिकेट खेळू लागला आहे. दीड हजार रुपये गेले; पण त्या पोराची झोप परत आली, हे मी मोठे समजतो.

त्या वर्गमित्राविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. आपले मूल फसवले जाईल ही काळजी आपण करतो. आपले मूल असे काही पुढे धाडील अशी शंका मात्र कोणाला येत नाही. वर्गाच्या गटात एखाद्या मुलीचे छायाचित्र येते. हल्ली तर साध्या, कपड्यांतल्या छायाचित्रावरूनही यंत्राच्या साहाय्याने खोटे नग्न चित्र बनवता येते. चार जण हसतात, पाचवा पुढे ढकलतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली मुलांची अशी चित्रे पसरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात, असे साहित्य नुसते जवळ बाळगणे आणि पाहणे यांकडेही कायदा डोळेझाक करीत नाही, हे स्पष्ट केले. हे मुलांना धाक म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगावे. आणि सोबत हेही सांगावे, की त्या चित्रातली मुलगी आज रात्री जेवली नसेल.

आता बंदोबस्ताच्या चार गोष्टी. पहिली जन्मतारखेची. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. पुष्कळ घरांत दहा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे वडीलच भलतेच जन्मसाल टाकून देतात, म्हणजे कटकट मिटली! पण या कंपनीने तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी निराळी खाती सुरू केली आहेत. भारतात ती फेब्रुवारी २०२५ पासून येऊ लागली. ती मुळातच खाजगी असतात, अनोळखी माणसाला तेथे मुलाला निरोप पाठवता येत नाही, आणि सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला हे नियम सैल करायचे तर पालकाची संमती लागते. खोटे साल टाकून आपण मुलाला एका झटक्यात प्रौढ करतो आणि ही सगळी कुंपणे आपल्याच हाताने उपटून टाकतो.

दुसरी खेळाची. मूल कोणता खेळ खेळते यापेक्षा त्यात अनोळखी माणसाशी बोलता येते काय, हे पाहावे. बहुतेक खेळांत ते बोलणे बंद करण्याची सोय असते. एकदा मुलाशेजारी बसून त्याच्याकडूनच तो खेळ शिकून घ्यावा. आपण हरलो की त्याला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो, आणि त्या आनंदाच्या भरात ते पुष्कळ काही सांगून टाकते.

तिसरी आपल्या स्वतःच्या हौसेची. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, मावळे मांडतात, आळीव पेरतात. त्या किल्ल्याशेजारी मूल उभे करून आपण छायाचित्र काढतो आणि सोसायटीचे नाव, शाळेचे नाव, मुलाचे लाडके नाव यांसह ते साऱ्या जगाला दाखवतो. जी माहिती अनोळखी माणसाला देऊ नकोस असे मुलाला बजावतो, ती त्याची आई सकाळीच देऊन बसलेली असते. छायाचित्रे अवश्य काढावी. ती आजीला पाठवावी आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

चौथी रात्रीची. सगळ्यांचे फोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही! मुलावर चोरून हेरगिरी करण्यापेक्षा सर्वांना लागू असा एक नियम शंभर पटींनी बरा.

या बाबतीत आपल्या खेड्यांनी शहरांना धडा दिला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत ठराव केला, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले दूरदर्शन संच आणि फोन बंद राहतील. दुसऱ्या दिवसापासून भोंगा वाजू लागला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावू लागले. त्या भोंग्याचा मोठेपणा मला यात वाटतो, की तो बापालाही लागू होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्शी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या फोन वापरण्यावर बंदीचा ठराव केला. परदेशात ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद ठेवण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. आपल्याकडेही २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक धरली आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

हे सर्व प्रयत्न मला स्वागतार्ह वाटतात. कंपन्यांना वेसण घालणे हे एकट्या आईबापांचे काम नव्हे. ते सरकारचेच काम आहे. पण भोंगा साडेआठला संपतो आणि ठराव गावाच्या वेशीपाशी थांबतो. बंदीचा एक तोटाही आहे: चोरून वापरलेल्या फोनवर काही घडले तर मूल दुप्पट घाबरते. एक गुन्हा फोन वापरल्याचा, दुसरा फसल्याचा. म्हणून बंदी घाला, नियम करा, कुलपे लावा, पण प्रत्येक नियमाच्या शेपटीला एक वाक्य जोडलेले असू द्या: "नियम मोडलास आणि अडचणीत आलास, तरी आधी माझ्याकडे ये."

कोणी म्हणेल, असे अभय दिले तर मुले शेफारतील. मला तसे वाटत नाही. अभय सांगण्याला आहे, करण्याला नाही. नियम मोडल्याची समज नंतर सावकाश देता येते. बुडणाऱ्याला पोहणे शिकवायची ती वेळ नव्हे.

आणि काही गोष्टी अशा असतात, की त्या मुलाला आईबापांसमोर उच्चारताच येत नाहीत. त्यात आपला अपमान मानू नये. तो पोरगा मावशीजवळ बोलला म्हणून वाचला. एकत्र कुटुंबात अशी माणसे घरातच असत. एखादा धाकटा काका, एखादी आत्या. आता बिऱ्हाडे लहान झाली, तेव्हा असे माणूस मुद्दाम नेमून ठेवावे लागेल. चार दिवसांनी भाऊबीज आहे. आत्या येईल, मामा येईल. ओवाळणी झाली, फराळाची ताटे उचलली, की मुलांना बाजूला घेऊन एवढे म्हणा: "फोनवर कधी काही वाईट घडले आणि कोणी म्हणाले, घरी सांगू नकोस, तर त्याच क्षणी समजायचे, की हे घरी सांगायलाच हवे. मला सांग. मला सांगवत नसेल तर आत्याला सांग. तुझा फोन जाणार नाही, आणि तुझ्यावर कोणी हात उचलणार नाही."

आणि मूल खरोखरच एके दिवशी येऊन उभे राहिले, तर हातातले काम खाली ठेवून वहिनींचे ते पहिले वाक्य उच्चारायचे: बरे केलेस, मला सांगितलेस.